विश्लेषण : ज्वालामुखीच्या सहलीला निघण्यापूर्वी तयारी काय? हॅमिल्टन यांनी व्हेसुव्हियसवर घेतलेले धडे

इटलीतील एटना, स्ट्रॉम्बोली या जागृत ज्वालामुखींवर आज पर्यटक वाटाड्यासोबत जातात. पायात भक्कम बूट, डोक्यावर शिरस्त्राण असते. पण खरी तयारी असते ती डोंगराचा स्वभाव ओळखण्याची. सर विल्यम हॅमिल्टन ती अडीचशे वर्षांपूर्वी शिकले.

कोण होते हॅमिल्टन?

१७६४ मध्ये ते ब्रिटनचे दूत म्हणून नेपल्सला आले. शहराशेजारचा व्हेसुव्हियस तेव्हा धुमसत होता. राजनैतिक कामे सांभाळून ते वारंवार डोंगर चढले आणि निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवत राहिले. १७७० मध्ये त्यांना सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले.

१७६७ मध्ये काय घडले?

ऑक्टोबरमध्ये एका शेतकऱ्याला सोबत घेऊन ते लाव्हा पाहत होते. अचानक डोंगराच्या कुशीला तडा जाऊन लाव्हा उसळला. दोघेही सुमारे पाच किलोमीटर न थांबता पळाले. परतीची वाट मोकळी होती, म्हणूनच ते वाचले.

वाटाड्या का महत्त्वाचा?

बार्टोलोमेओ पुमो हा स्थानिक वाटाड्या वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत होता. मे १७७९ मध्ये वारा फिरला आणि गंधकाचा धूर व उष्णता अंगावर आली. तेव्हा बार्टोलोमेओ वाहत्या लाव्हावरील घट्ट सायीवरून पलीकडे गेला. हॅमिल्टन आणि त्यांचा सोबतीही मागोमाग गेले. पाय भाजून निघाले, पण जीव वाचला. असे धाडस कुणी करू नये, मात्र वाऱ्याची दिशा आजही आधी पाहावी लागते.

नोंदी कशासाठी?

मे १७७१ मध्ये हॅमिल्टन यांनी नेपल्सच्या राजा-राणीला लाव्हा दाखवायला नेले. पिएत्रो फाब्रिस यांनी तो प्रसंग चितारला. १७७६ च्या हॅमिल्टन यांच्या सचित्र ग्रंथात हे चित्र आहे. १७७९ पासून पाद्री अंतोनियो पियाजो त्यांच्यासाठी व्हेसुव्हियसची रोजनिशी लिहू लागले. धूर किती, आवाज कसा, हे त्यात टिपले जाई. आजच्या वेधशाळा उपकरणांनी अशीच अखंड नजर ठेवतात आणि त्यावरूनच सहली सुरू ठेवायच्या की थांबवायच्या, हे ठरते.

पुढे काय झाले?

१७९४ च्या उद्रेकात लाव्हाने टोरे देल ग्रेको गाव गिळले. साठी ओलांडलेले हॅमिल्टन त्यानंतरही बार्टोलोमेओसह डोंगरावर गेले. १८०३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.