खाटेशेजारचा वर्ग

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी एमबीबीएस करत असेल, तर त्याचं रडगाणं तुम्हाला पाठ असेल. लेक्चर, वॉर्ड पोस्टिंग आणि रात्री जर्नल! यातलं वॉर्ड पोस्टिंग इतकं अंगवळणी पडलंय, की ते कधी नव्हतंच असं सांगितलं तर पटणार नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत कितीतरी विद्यार्थी बाकावर बसून लेक्चर ऐकत, परीक्षा देत आणि डॉक्टर होत. पेशंटशी खरी गाठ पडायची ती पदवी हातात आल्यावर. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये एक नाव ठळक आहे, डॉ. विल्यम ऑस्लर.

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९चा, कॅनडातल्या बाँड हेड गावातला. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे मुलगाही चर्चमध्येच जाणार हे जवळपास ठरलेलं. त्यासाठी तो टोरांटोच्या कॉलेजात दाखल झाला आणि वर्षभरात मेडिकलकडे वळला! (स्ट्रीम बदलावी की नाही, या विचारात असलेल्यांनी नोंद घ्यावी.) १८७२मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी घेऊन ते युरोपात शिकून आले आणि १८७४पासून मॅकगिलमध्येच शिकवू लागले. तिथे देवीच्या रोग्यांचा वॉर्ड सांभाळून मिळालेल्या पैशातून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मायक्रोस्कोप घेतले.

पुढे फिलाडेल्फिया आणि १८८९मध्ये बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. १८९३मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेही मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश देऊन. इथे ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात उतरवलं. प्रत्येकाकडे ठरावीक पेशंट. त्यांची हिस्ट्री घ्यायची, तपासायचं, नोंदी ठेवायच्या आणि राउंडला सरांसमोर केस मांडायची. पदवीनंतर हॉस्पिटलमध्येच राहून शिकायची रेसिडेन्सीही इथेच रुजली. १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका-कॅनडातल्या मेडिकल कॉलेजांची झाडाझडती घेतली, तेव्हा आदर्श म्हणून हॉपकिन्सकडेच बोट दाखवलं.

सर कडक असतील असं वाटतं ना? उलट एक नंबरचे खोडकर! एगर्टन यॉरिक डेव्हिस या खोट्या नावाने ते मेडिकल जर्नलांच्या फिरक्या घेत. शेजारी राहणाऱ्या तरुण डॉक्टरांना तर त्यांनी आपल्या घराच्या किल्ल्याच देऊन ठेवल्या होत्या.

१८९२मध्ये त्यांचं वैद्यकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं. ते गाजलं, पण वाचताना एक गोष्ट खटकायची. रोगांचं वर्णन भरपूर आणि खात्रीचे उपाय फारच थोडे. तेव्हाची वस्तुस्थितीच तशी होती आणि ऑस्लर यांनी ती लपवली नाही. औषध नाही म्हणून पेशंटकडे पाठ फिरवायची नाही, हे मात्र ते स्वतःच्या वागण्यातून शिकवत.

१९०५मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. तिथली एक गोष्ट सांगतात. समारंभाला निघालेले ऑस्लर झगा घालूनच डांग्या खोकल्याने बेजार झालेल्या एका मुलाकडे गेले. पोरगं काही खात नव्हतं. त्यांनी पीच सोलला, साखर लावली आणि एकेक फोड भरवली. नंतरही कितीतरी दिवस ते त्याच्यासाठी तोच झगा घालून येत राहिले. मुलगा बरा झाला.

स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र काहीच चाललं नाही. ऑगस्ट १९१७मध्ये एकुलता एक रिव्हिअर बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झाला. ऑस्लर यांच्या ओळखीचे अमेरिकन सर्जन धावून गेले, त्यात हार्वे कुशिंगही होते. तरी एकवीस वर्षांचा रिव्हिअर वाचला नाही. ऑस्लर यांनी काम सोडलं नाही, पण आतून ते खचले. २९ डिसेंबर १९१९ला न्यूमोनियातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने ते गेले. अँटिबायोटिक्स यायला अजून बराच अवकाश होता. त्यांची हजारो पुस्तकं मॅकगिलला गेली आणि त्या पुस्तकांमध्येच त्यांच्या अस्थी आहेत.

आज परिस्थिती उलटी आहे. औषधं भरपूर, मशिन्स भरपूर, रिपोर्ट मोबाइलवर. कमी पडतो तो वेळ. आपल्याकडे २०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून पेशंटची ओळख आणि संवादकौशल्य आलंय, ते यासाठीच. तेव्हा पुढच्या वेळी वॉर्ड पोस्टिंगचं रडगाणं कानावर आलं, तर त्या मित्राला एवढंच विचारा, आज ज्याची केस लिहिलीस, त्याच्याशेजारी किती वेळ बसलास?