पारसदेशाचा वाटाड्या : दिनशा इराणी

हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी जमिनीच्या कामासाठी तहसील कचेरीत जातो, कागदावर मोहोर उमटवून घेतो आणि दफ्तरातील नोंद तपासून परत फिरतो. एवढ्या साध्या व्यवहारात त्याच्या तोंडी आलेले जमीन, कागद, मोहोर आणि दफ्तर हे चारही शब्द इराणच्या भाषेतून आलेले असतात. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात राज्यकारभार दीर्घकाळ फारसीतून चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली, तरी शब्द मागे राहिले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला होता. पण बाजारात आणि बांधावर रुळलेले शब्द काही हटले नाहीत. ज्या देशाची भाषा इतकी अंगवळणी पडली, तो देश मात्र मराठी माणसाला अनोळखीच राहिला. त्या देशाची ओळख भारताला नव्याने करून देण्यासाठी, आणि त्या देशालाही त्याच्या विस्मरणात गेलेल्या वारशाची आठवण करून देण्यासाठी, मुंबईतील एका वकिलाने आपले आयुष्य वेचले. दिनशा जिजीभाई इराणी हे त्यांचे नाव.

दिनशांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८१ रोजी मुंबईत झाला. इराणी हे आडनावच पुरेसे बोलके आहे. इराणमधून निघालेले झरथुष्ट्री संजाणच्या किनाऱ्यावर उतरले, ते पारशी समाजाचे पूर्वज. त्यानंतर शेकडो वर्षांनी, कजार घराण्याच्या राजवटीत, यझ्द आणि किरमाण येथील उरलेसुरले झरथुष्ट्रीही मोठ्या संख्येने मुंबईची वाट धरू लागले. त्यांना इराणी म्हटले गेले. मायदेशी त्यांच्यावर जिझिया कर होता आणि दैनंदिन जीवनात अपमानास्पद निर्बंध होते. मुंबईच्या पारशांनी पाठवलेले माणेकजी लिमजी हातरिया यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ मध्ये शहाने हा कर रद्द केला. म्हणजे दिनशांच्या जन्माच्या वेळी इराणमधील त्यांच्या धर्मबांधवांना केवळ आपल्या धर्मात राहण्यासाठी कर मोजावा लागत होता. मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहा-मस्कापाव देणारी इराण्यांची हॉटेले मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. त्या संगमरवरी टेबलांमागे हा इतिहास होता.

दिनशांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि मुंबईत सॉलिसिटर म्हणून नाव मिळवले. एवढ्यावर समाधान मानून सुखाचे आयुष्य घालवणे त्यांना अवघड नव्हते. परंतु कचेरीतून सुटल्यावर त्यांचा वेळ अवेस्ता, फारसी काव्य आणि इराणी निर्वासितांच्या अडचणी यांत जाऊ लागला. १९१८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत इराणी झरथुष्ट्री अंजुमन स्थापन झाली. यझ्द आणि किरमाणमधील बांधवांना साहाय्य करणे आणि मुंबईत आलेल्यांना आधार देणे, हे तिचे काम. १९२२ मध्ये इराण लीग ही दुसरी संस्था उभी राहिली. तिचा हेतू अधिक व्यापक होता. भारतातील पारशी आणि आधुनिक इराण यांच्यात सांस्कृतिक व व्यापारी संबंध निर्माण व्हावेत, ही तिच्यामागची धारणा होती.

या दोन संस्थांच्या उद्दिष्टांत दिनशांच्या विचारांची दिशा दिसते. पिढ्यान्‌पिढ्या पारशांच्या मनात इराण म्हणजे हरवलेला देश होता. त्याच्याविषयी हळहळ होती, पण तिथे आज राहणाऱ्या माणसांविषयी फारशी आस्था नव्हती. उलट, इराणच्या बहुसंख्य मुस्लिम समाजाला आपल्याच इस्लामपूर्व वारशाची ओळख पुसट झाली होती. हा दुरावा मिटवायचा तर केवळ देणग्या पाठवून भागणार नाही, इराणी माणसाला त्याचा प्राचीन ठेवा त्याच्याच भाषेत वाचायला मिळाला पाहिजे, असे दिनशांचे मत होते.

त्यांना या कामासाठी योग्य माणूस मिळाला तो इब्राहिम पूर-ए-दाऊद यांच्या रूपाने. रश्त येथे मुस्लिम कुटुंबात जन्मलेले आणि युरोपात अध्ययन केलेले हे विद्वान १९२५ मध्ये मुंबईत आले. दिनशांचा पाठिंबा आणि पेशोतनजी मार्कर यांचे अर्थसाहाय्य यांच्या बळावर त्यांनी गाथांचा फारसी अनुवाद सिद्ध केला. एका मुस्लिम इराणी विद्वानाने केलेला झरथुष्ट्राच्या वाणीचा आधुनिक फारसी अनुवाद मुंबईतून प्रसिद्ध व्हावा, ही घटना त्या काळात लहान नव्हती. योगायोग असा, की त्याच १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या टोकांनी एकाच भाषेचा शोध चालला होता.

इराणमधून आलेल्या तरुणांसाठी दिनशा मोठा आधार होते. त्यांपैकी अब्दुल हुसेन सेपंता यांनी दिनशांच्या सहवासात प्राचीन इराणचा अभ्यास केला. पुढे हेच सेपंता पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांच्याकडे गेले. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे निर्माते असलेल्या अर्देशीर यांनी सेपंतांच्या सहकार्याने 'दुख्तर-ए-लोर' हा पहिला फारसी बोलपट मुंबईत तयार केला आणि १९३३ मध्ये तो तेहरानमध्ये गाजला.

दिनशांचे इंग्रजी लेखनही याच सुमारास प्रकाशात आले. गाथांतील वेच्यांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लाभली ती रवींद्रनाथ टागोर यांची. मुंबईचा वकील आणि शांतिनिकेतनचा कवी यांच्यातील हा स्नेह आठ वर्षांनी एका असाधारण प्रवासात फलद्रूप झाला.

१९३२ मध्ये रझाशहा पहलवी यांच्या सरकारने टागोरांना इराणभेटीचे निमंत्रण दिले. दिनशाही या भेटीत सहभागी होते. रझाशहांनी १९२५ मध्ये कजार घराण्याचा शेवट करून सत्ता हाती घेतली होती. नव्या राष्ट्राभिमानासाठी त्यांना प्राचीन इराणचे वैभव हवे होते आणि त्या वैभवाचा जिवंत वारस म्हणून पारशी समाजाकडे पाहण्याची दृष्टी तेथील सुशिक्षितांत रुजू लागली होती. ही संधी दिनशांनी ओळखली. ज्या भूमीतून आपले लोक परागंदा झाले, ती भूमी त्यांना आपले म्हणणार का, या प्रश्नाचे उत्तर या प्रवासात मिळणार होते.

टागोर तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ११ एप्रिल १९३२ रोजी त्यांनी कलकत्त्याहून विमानाने प्रस्थान ठेवले. विमानप्रवास ही तेव्हा नवलाईची आणि काहीशी धाडसाची गोष्ट होती. सोबत स्नुषा प्रतिमादेवी आणि कवी अमिय चक्रवर्ती होते. संपादक केदारनाथ चट्टोपाध्याय यांचाही या मंडळींत समावेश होता. जोधपूर, कराची आणि जास्क असे टप्पे घेत विमान इराणच्या आखातावरील बुशहर बंदरात उतरले. दिनशा तेथे या मंडळींना मिळाले. तेथून पुढे हा छोटासा काफिला मोटारींनी निघाला. भाषा, चालीरीती आणि काव्य या तिन्हींची जाण असलेले दिनशा साहजिकच या तांड्याचे मार्गदर्शक ठरले.

समुद्रसपाटीवरून काझेरूनचे अवघड घाट चढून काफिला शिराझला पोहोचला. शिराझ हे तेराव्या शतकातील सादी आणि चौदाव्या शतकातील हाफिज या दोन महाकवींचे नगर. त्यांच्या समाधींवर आज दिसणाऱ्या वास्तू तेव्हा उभ्या नव्हत्या. हाफिजच्या समाधीचे आजचे रूप त्याच दशकात नंतर आकाराला आले, तर सादीच्या समाधीचे १९५० नंतर. टागोरांचे वडील देवेंद्रनाथ हाफिजच्या काव्याचे निस्सीम भक्त होते. त्यामुळे ही भेट टागोरांसाठी एका परीने पितृऋणाची फेड होती. हाफिजचा दिवाण मनात इच्छा धरून उघडायचा आणि समोर येणाऱ्या ओळींतून कौल घ्यायचा, अशी तेथील प्रथा आहे. टागोरांनीही कौल लावला. धर्मांधतेच्या विळख्यातून आपला देश सुटेल का, हा त्यांच्या मनातला प्रश्न होता. बंद दारे उघडण्याची आशा देणाऱ्या ओळी समोर आल्या आणि उपस्थित भारावून गेले.

शिराझपासून सुमारे ६० किलोमीटरवर तख्त-ए-जमशेद, अर्थात पर्सेपोलिस आहे. सम्राट दारियस याने इसवी सनापूर्वी ५१८ च्या सुमारास या राजनगरीची उभारणी सुरू केली आणि इसवी सनापूर्वी ३३० मध्ये अलेक्झांडरच्या स्वारीत ती आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. शिकागो विद्यापीठाच्या वतीने जर्मन पुरातत्त्वज्ञ अर्न्स्ट हर्झफेल्ड यांचे उत्खनन तेथे १९३१ पासून सुरू होते. त्यांनी स्वतः पाहुण्यांना अवशेष दाखवले. इराणचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय तेहरानमध्ये उघडले ते १९३७ मध्ये. त्याआधी आलेल्या या प्रवाशांना संग्रहालय पाहायला मिळाले ते असे, उघड्या आकाशाखाली आणि मातीतून नुकतेच वर येत असलेले. अपादाना या दरबारी दालनाच्या जिन्यावर निरनिराळ्या देशांचे नजराणे घेऊन निघालेल्या लोकांची रांग कोरलेली आहे आणि त्यात भारतीयही आहेत. शेकडो वर्षे केवळ प्रार्थनेत आणि कथांत ज्या इराणचे स्मरण केले, त्याच्या दगडांवर दिनशांचे पाय या दिवशी टेकले.

पुढचा मुक्काम इस्फहान. सफवी सम्राट शहा अब्बास यांनी १५९८ च्या सुमारास येथे राजधानी हलवली. नक्श-ए-जहान हा विस्तीर्ण चौक, त्याच्या कडेच्या निळ्या मिनाकारीच्या मशिदी, अली कापू राजवाडा आणि झायंदे नदीवरील ३३ कमानींचा पूल ही या नगराची भूषणे. जुन्या इराणचा अभिमान बाळगणाऱ्या पारशी विद्वानाने इस्लामी इराणच्या या कलावैभवाकडे पाठ फिरवली नाही. प्राचीन आणि मध्ययुगीन असे तुकडे न करता एकाच भूमीची अखंड निर्मिती म्हणून इराणकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्या कार्यात आढळते.

एप्रिलच्या अखेरीस मंडळी तेहरानला पोहोचली. टागोरांची रझाशहांशी भेट झाली आणि मे महिन्याच्या आरंभी त्यांचा वाढदिवस तेथेच थाटाने साजरा झाला. दिनशांच्या विद्वत्तेचाही इराण सरकारने पदक देऊन गौरव केला. ज्यांच्या बांधवांकडून अर्धशतकापूर्वीपर्यंत जिझिया वसूल केला जात होता, त्यांच्यापैकी एकाचा राजधानीत असा सन्मान व्हावा, यातच त्या प्रवासाचे मोल सामावलेले आहे. तेथून टागोर केरमानशहामार्गे बगदादला गेले आणि जूनमध्ये कलकत्त्याला परतले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी बंगालीत 'पारस्ये' या नावाने लिहिले.

प्रवास संपला तरी त्याचे फलित पुढे दिसत राहिले. टागोरांच्या इच्छेनुसार इराण सरकारने पूर-ए-दाऊद यांना शांतिनिकेतनात अध्यापनासाठी पाठवले. दिनशांनी समकालीन फारसी कवींचा परिचय करून देणारा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे महत्त्व वेगळे आहे. भारतात फारसीचा अभ्यास हाफिज-सादीपाशी येऊन थांबत असे. आज लिहिणारे इराणी कवीही आपले आहेत, हे सांगणारे थोडेच होते. मार्कर यांच्या दानातून यझ्दमध्ये शाळा आणि अनाथालय उभे राहिले. त्यांच्या नावाचा घड्याळमनोराही तेथे आहे.

अर्थात, दिनशांच्या स्वप्नाला मर्यादाही होत्या. रझाशहांची राजवट एकाधिकारशाहीची होती आणि प्राचीन वैभवाचा तिचा गजर बराचसा सत्तेच्या सोयीचा होता. भारतातील पारशांनी मोठ्या प्रमाणावर इराणमध्ये परतावे अथवा तेथे उद्योग उभारावेत, ही त्या काळात व्यक्त होणारी आशा फारशी फळली नाही. १९४१ मध्ये रझाशहांना सिंहासन सोडावे लागले आणि १९७९ च्या क्रांतीने पहलवी घराणेच संपवले. राजाश्रयावर उभारलेले बरेच काही त्यासोबत गेले. ग्रंथ मात्र टिकले. पूर-ए-दाऊद यांचे अवेस्ताचे अनुवाद इराणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

हे सारे पाहायला दिनशा नव्हते. वयाची ५७ वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना, ३ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र कैखुश्रू इराणी पुढे न्यूयॉर्कमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि झरथुष्ट्राच्या विचारांचा अभ्यास त्यांनी पुढे नेला.

पुढील काळात शिराझ, इस्फहान आणि पर्सेपोलिस ही नावे सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांत झळकू लागली. मीना प्रभू यांच्या 'गाथा इराणी' या पुस्तकाने तो देश मराठी घराघरांत पोहोचवला. वाहनांची, निवासाची आणि वाटाड्यांची चोख सोय असलेल्या अशा प्रवासांत त्या पहिल्या काफिल्याची आठवण क्वचितच निघते. मराठवाड्यातील तहसील कचेरीत जमिनीच्या कागदावर मोहोर उमटते, तेव्हाही या शब्दांचे मूळ कुणाला आठवत नाही. दोन देशांना एकमेकांचे विस्मरण होऊ नये यासाठी झटलेल्या दिनशा इराणी यांचे स्मरण त्यासाठीच ठेवायला हवे.