आईचे ऋण आणि पंढरीचे दार

टिटवाळ्याच्या महागणपतीला अंगारकीस केवढी गर्दी लोटते! कल्याणकडून आलेल्या गाडीतून उतरून कर्ती माणसे म्हाताऱ्या आईचा हात धरून देवळाकडे चाललेली दिसतात. लहानपणी हिने याला धरले, आता हा हिला धरतो. ते पाहिले की आम्हांस साने गुरुजींची आठवण येते. असा आईचा हात धरण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे एके काळचे खोताचे. पण पुढे कर्ज झाले, दारिद्र्य आले. आई यशोदाबाईंनी त्या ओढग्रस्तीत संसार रेटला. १९१७ साली त्या गेल्या, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेट झाली नाही. हे शल्य त्यांच्या काळजात जन्मभर राहिले.

पोरवयात आईचे कुणाला कळते हो? ती रागावली की वाईट वाटते, तिने हात आखडला की कंजूष वाटते. गुरुजी पुढे अमळनेरला शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांची आजारपणे काढू लागले, त्यांची अंथरुणे-पांघरुणे पाहू लागले. आईची कामे स्वतःच्या हातांनी केली, तेव्हा आई समजू लागली. मग स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगवास आला. १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, तेहतीस वर्षांच्या या मुलाने अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती!

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी वाटेत पडते. कुणी हात लावीना. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर म्हणते. वाचकहो, इथे जरा थांबावे. त्या माउलीची दया खरी होती, पण काळाचे कुंपणही तिच्याभोवती होते. मुलगा मोठा झाला, तेव्हा त्याला दोन्ही दिसले. त्याने आईला नावे ठेवली नाहीत, आणि तो त्या कुंपणाशी थांबलाही नाही.

१९४७ साली, पंढरीचे देऊळ हरिजनांस खुले व्हावे म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. विठ्ठलाला आपण माउली म्हणतो. मग काही लेकरांनी आईच्या दाराबाहेर का राहावे? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. ती आपण सारे पाहत आलो. तरी विरोध झाला, आणि आपल्या संप्रदायातलेही सगळे गुरुजींच्या बाजूचे नव्हते, हे आपण कबूल केले पाहिजे. अखेर दार उघडण्याचे ठरले व १० मे रोजी उपोषण सुटले. त्या दिवशी म्हातारीची मोळी खऱ्या अर्थाने उचलली गेली, असे आम्हांस वाटते. ती उचलायला शिकवणारी आई तीस वर्षांपूर्वीच गेली होती.

गुरुजींनी ११ जून १९५० रोजी इहलोक सोडला.

आपण दिवसभर माउली, माउली म्हणून एकमेकांच्या पाया पडतो आणि घरी आईने तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की खेकसतो. आम्हीही यातलेच. ज्यांची आई आहे, त्यांनी आज तिच्याजवळ घटकाभर बसावे. ज्यांची गेली, त्यांनी तिचे कोणते काम अर्धे राहिले ते पाहावे आणि ते पुढे न्यावे. माउलीचे श्राद्ध याहून वेगळे काय असते?

रामकृष्ण हरि.