आपल्या भाषेत शिकवणारा आचार्य : अलेक्झांडर मन्रो

नामवंत शिक्षणसंस्थेच्या पायाशी कुणाचे तरी स्वप्न आणि कुणाचे तरी अखंड अध्यापन असते. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील वैद्यकविद्यालयाच्या पायाशी अशीच एक पितापुत्रांची जोडी होती.

अलेक्झांडर मन्रो यांचा जन्म १६९७ मध्ये लंडन येथे झाला. वडील जॉन मन्रो हे लष्करातील शल्यचिकित्सक. हॉलंडमधील लायडन विद्यापीठात ते शिकले होते. तसेच वैद्यकविद्यालय एडिंबऱ्यात उभे राहावे, हा त्यांचा ध्यास होता. एकुलत्या एक मुलाला त्यांनी त्यासाठीच घडवले. लंडन, पॅरिस आणि लायडन येथे थोर गुरूंपाशी शिकून अलेक्झांडर परतले आणि १७२० मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या पहिल्या व्याख्यानाची हकिगत प्रसिद्ध आहे. वडिलांनी नगरातील मान्यवर वैद्यांना मुलाच्या नकळत आमंत्रित केले होते. त्यांना समोर पाहताच पाठ केलेले भाषण तरुण प्राध्यापक साफ विसरला. क्षणभराने स्वतःला सावरून, समोरचे नमुने दाखवत, जे मनापासून समजले होते तेच तो सांगू लागला. पुढे पाठांतरावर त्यांनी कधीच भिस्त ठेवली नाही.

त्याहून मोठे धाडस भाषेचे होते. त्या काळी विद्यापीठात लॅटिनची सत्ता होती. शल्यचिकित्सकांकडे उमेदवारी करणाऱ्या अनेक तरुणांना मात्र ती भाषा जेमतेम येई. मन्रोंनी लॅटिन बाजूला सारून इंग्रजीत, विद्यार्थ्यांना समजणाऱ्या भाषेत, शिकवले. विद्यार्थ्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत गेली.

वाट निष्कंटक नव्हती. १७२५ मध्ये थडग्यांतून प्रेते चोरली जात असल्याच्या संशयाने जमाव खवळला, तेव्हा त्यांना आपला वर्ग विद्यापीठाच्या आवारात हलवावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांचा अस्थिरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरिबांसाठी रुग्णालय हवे, म्हणून नगरप्रमुख जॉर्ज ड्रमंड यांच्यासह त्यांनी खटपट केली. १७२९ मध्ये सहा खाटांनी आरंभ झालेल्या त्या रुग्णालयाला १७४१ मध्ये भव्य वास्तू लाभली. तेथे रुग्णांची शुश्रूषा होई आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिक्षणही.

१७६७ मध्ये मन्रो निवर्तले. त्यांचे आसन आधीच पुत्राने सांभाळले होते, नंतर ते नातवाकडे गेले. १८४६ पर्यंत, म्हणजे १२६ वर्षे, ते एकाच घराण्यात राहिले. मात्र मन्रोंचा खरा वारसा आसनापुरता नव्हता. विद्या समजेल अशा भाषेत दिली तर ती उणी होत नाही, उलट अधिक घरांपर्यंत पोहोचते, हे त्यांनी आयुष्यभर शिकवून सिद्ध केले.