प्रमोशन हुकलं, गाव वसलं

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की एचआरवाले कॉलेजात येतात आणि त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड हमखास असते. बीन बॅग, टेबल टेनिस, शुक्रवारी रंगीत टी-शर्ट आणि वर मोठ्या अक्षरात ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’. पाटणहून, ढेबेवाडीहून, पलूसहून पुण्याला निघालेल्या तुम्हाला ती स्लाइड बघून भारी वाटणार, हे साहजिकच आहे. पण सहा-आठ महिन्यांनी त्याच ऑफिसमधून नोकरी सोडून आलेले सीनियर्स तुम्हाला भेटलेच असतील. त्यांना कारण विचारा. बीन बॅग कमी पडली असं कुणीच सांगत नाही. काम मी केलं आणि नाव दुसऱ्याचं लागलं, असं मात्र बरेच जण सांगतात.

हेच दुखणं घेऊन एका मराठी माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतली पक्की नोकरी सोडली होती. पुढं त्यानं आपल्याच भागात, कराडहून रेल्वेनं तासाभराच्या आत पोचता येईल अशा जागी, कारखाना काढला आणि कारखान्याभोवती गाव वसवलं. तुम्ही नाव ओळखलं असेलच. लक्ष्मणराव किर्लोस्कर. पंपावर, इंजिनावर आडनाव वाचलेलं असतं, माणूस मात्र फारसा माहीत नसतो.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (‘सौभद्र’वाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, पण ते वेगळे. दोघांची गल्लत करू नका, तोंडी परीक्षेत फजिती होते.) घर विद्वानाचं, वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र चित्रात आणि यंत्रात. १८८५ मध्ये पोरगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथं कळलं, की त्याला काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकार व्हायला आलेल्या मुलासाठी यापेक्षा वाईट बातमी कुठली? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पेन्सिल ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. त्याच जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले.

ही मुंबई कशी होती, ते डोळ्यांसमोर आणायला हवं. गिरण्यांचा भोंगा पहाटे वाजायचा आणि अंधार पडेपर्यंत माणसं साच्यावर उभी. नारायण मेघाजी लोखंडे नावाचा जोतिराव फुल्यांचा सहकारी गिरणीकामगारांच्या सभा घेत होता, अर्ज करत होता. त्या लढ्यातून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही रविवारी उशिरापर्यंत झोपता त्यामागं हा माणूस आहे. लक्ष्मणराव तेव्हा त्याच शहरात, विशीतले. त्या सभांना ते गेले होते की नाही, हा माझा मुद्दा नाही. कामगाराचं भलं दोन वाटांनी होऊ शकतं. एका वाटेवर कामगार एकत्र येऊन हक्क मागतात आणि दुसऱ्या वाटेवर मालक स्वतः उठून काही करतो. या दोन्ही वाटांची सुरुवात आपल्याकडं साधारण एकाच काळात झाली, एवढं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची जागा निघाली. लक्ष्मणरावांचा अनुभव होता, कामही होतं. जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला परतले. १८९७ च्या सुमाराची ही गोष्ट. आजच्या भाषेत याला ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणतात आणि एक्सेलच्या रकान्यात भरून टाकतात.

बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा होते. दोघांचं सायकलचं दुकान १८८८ पासूनच चालू होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा विकायचे आणि वर फी घेऊन लोकांना चालवायलाही शिकवायचे. (सायकलीचा क्लास! हसू नका, आपण कारचा लावतोच की.) पण लक्ष्मणरावांना दुसऱ्याचा माल विकायचा नव्हता, स्वतः काहीतरी बनवायचं होतं. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. धंदा जरा रुळतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं जागा रिकामी करायला सांगितलं. तिथं नवी वस्ती होणार होती.

त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला एका सभामंडपाचं काम करत होते. आपल्या सातारा जिल्ह्यातलं हे औंध तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी अडचण ऐकली आणि संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली, शिवाय दहा हजार रुपये बिनव्याजी. जमीन म्हणजे माळ. निवडुंग आणि साप. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आपापली कुटुंबं घेऊन त्या माळावर आले.

इथं क्षणभर थांबा आणि त्या पंचवीस जणांच्या बायकांचा विचार करा. बेळगावसारखं शहर सोडून, लेकरं काखेला मारून सापाच्या माळावर राहायला जायचं. पगार वाढवून मिळाला म्हणून कुणी असं जात नाही. एंगेजमेंट मोजायला आज कंपन्या गुगल फॉर्म भरून घेतात. माझ्या मते सगळ्यात खरा सर्व्हे तोच होता, आणि तो त्या बायकामाणसांनी बाडबिस्तरा गुंडाळून भरला.

ते का गेले असतील, याचं उत्तर लक्ष्मणरावांनी जमवलेल्या माणसांत सापडतं. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सुटलेले, पण डोकं अस्सल इंजिनिअरचं. त्यांना यंत्रं बनवायला दिली. के. के. कुलकर्णी म्हणजे खोडकर, कुणाची टिंगल करतील नेम नाही. असा माणूस पडेल ते काम करणारा हरहुन्नरी गडी निघाला. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि हिशेब सांभाळता सांभाळता व्यवस्थापक झाले. रामूअण्णांनी वाडीची आखणी आणि कारभार बघितला. आजच्या एखाद्या कंपनीत या लोकांचे सीव्ही पहिल्याच चाळणीत बाद झाले असते. साठ टक्क्यांची अट, गॅप इयर चालणार नाही, बॅकलॉग चालणार नाही. ज्या माणसाला स्वतःला चामडीचा रंग बघून मागं ठेवलं गेलं, त्यानं भरती करताना माणसाला काय येतं ते पाहिलं. प्रमोशन हुकल्याचा सगळेच राग धरतात. तो राग असा वापरणारे थोडे.

आणि रखवालदार! रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली, काही तर दरोड्यातली. माल, पैसा, झोपलेली कुटुंबं, सगळं त्यांच्या भरवशावर. लोकांनी कपाळाला हात लावला असेल, पण त्या माणसांनी पहारा चोख केला. याच औंध संस्थानात पुढं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली, जिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा निघाला. लक्ष्मणरावांनी हे त्याच्या कितीतरी आधी केलं, आणि सुधारणेचा प्रयोग वगैरे नाव न देता. नोकरी म्हणून केलं.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. हा १९१० नंतरचा काळ आहे. महाडचं चवदार तळं १९२७ चं. गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस भट्टीवर बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणं, हे त्या वेळच्या साताऱ्या-सांगलीकडं किती अवघड असेल, ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ‘वेल-बीइंग’ हा शब्द आला की आपल्याला योगा सेशन आठवतं. ज्याला अख्ख्या गावात पाणी वर धरून वाढलं जातं, त्याच्यासाठी कामाची जागा ही दिवसातली आठ-दहा तासांची तरी माणसासारखं जगण्याची जागा झाली असेल.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे बंद झाले, देशी नांगराला मागणी आली, पण कच्चा माल मिळेना. त्या ओढाताणीतून वाडी निघाली. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. हे शंकरराव स्वतः चित्रकार. काकांचे रंग सुटले आणि पुतण्यानं ते उचलले, पण नांगराच्या कारखान्यात येऊन. सुरुवातीला कारखान्याची आणि मालाची माहिती देणारं हे पत्रक पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ची आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ही मासिकं वाचत वाढल्या. आम्हा मास कॉमवाल्यांना ‘इंटर्नल कम्युनिकेशन’ नावाचा एक कंटाळवाणा पेपर असतो. त्यात ही गोष्ट असती तर मार्क वाढले असते.

आता ती दुसरी वाट. मालकानं वसवलेलं गाव ही कल्पना जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबानं बोर्नव्हिल बांधलं होतं, आपल्याकडं टाटांचं साकची, म्हणजे जमशेदपूर, उभं राहत होतं. आणि शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनचंही एक सुंदर गाव होतं. मंदी आल्यावर पुलमननं पगार कापले, पण घरभाडं तेवढंच ठेवलं. १८९४ मध्ये तिथं जो संप पेटला त्यानं अर्ध्या अमेरिकेची रेल्वे थांबली. मालक आणि घरमालक एकच असला की हा धोका असतोच. साहेबाशी वाजलं तर नोकरीबरोबर छप्परही जातं. वर औंध संस्थान, म्हणजे ब्रिटिश हद्दीतले कारखाना कायदे तिथं आपोआप लागू नव्हते. लक्ष्मणरावांनी जे केलं ते कायद्याच्या बडग्याशिवाय केलं, हे त्यांचं मोठेपण. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की जे केलं नसतं ते करून घ्यायला कामगाराच्या हातात फारसं काही नव्हतं. वाडी लक्ष्मणरावांच्या मनावर चालत होती. मन चांगलं होतं. प्रत्येक मालकाचं असेल याची हमी कोण देणार? म्हणून मला लक्ष्मणरावांच्या शेजारी लोखंड्यांचा फोटोही हवा वाटतो. एकाकडून माणूस ओळखणं शिकावं, दुसऱ्याकडून सुट्टी मागणं.

गंमत बघा. लोखंड्यांच्या रविवारनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकानं कामातल्या ‘एंगेजमेंट’वर एक निबंध लिहिला. आज एचआरच्या स्लाइडवर येणाऱ्या या शब्दाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कामाला अर्थ वाटला, चूक झाली तर अपमान होणार नाही अशी खात्री असली आणि अंगात त्राण उरलं, तर माणूस मनापासून काम करतो. यातली पहिली दोन कलमं फळणीकरांना आणि त्या रखवालदारांना सांगून बघायला हवी होती. तिसऱ्यासाठी रविवार लागतो.

तेव्हा पुढच्या इंटरव्ह्यूत शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का, असं म्हणाले, की टेबल टेनिसचं सोडा. गेल्या वर्षी कुणाला बढती मिळाली आणि ती कशावरून ठरली, हे विचारा. शिपाई म्हणून लागलेला कुणी वर गेलाय का, विचारा. सुट्टी मागितल्यावर काय होतं, तेही. समोरचा जरा चुळबुळला तर चुळबुळू द्या.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले, वयाच्या ८७ व्या वर्षी. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. वाडीच्या कारखान्यात आजही पंप बनतात. पाटणहून एसटीनं कराडला उतरा, ओगलेवाडीच्या स्टेशनवर मिरजेकडं जाणारी पॅसेंजर पकडा. शेणोली, भवानीनगर, ताकारी गेलं की पुढची पाटी येते. तिच्यावर एके काळी कुंडल रोड असं लिहिलेलं असायचं.