महाधमनीचं ऑपरेशन ज्यांनी जगाला शिकवलं, त्याच डॉक्टरांना ९७ व्या वर्षी त्या टेबलावर जावं लागलं

बीड जिल्ह्यात रात्री कुणाच्या छातीत अचानक कळ आली की आधी गॅस म्हणून ओवा दिला जातो. थांबली नाही तर गाडी शोधायची. जवळ असेल तर अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर आष्टीवाले अहिल्यानगरला, गेवराईवाले छत्रपती संभाजीनगरला आणि परळीवाले लातूरला निघतात. सगळ्यांच्या डोक्यात एकच शब्द असतो, हार्ट अटॅक.

पण कधीकधी दुखणं वेगळंच असतं. हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, आतून फाटलेली असते. याला वैद्यकीय भाषेत एओर्टिक डिसेक्शन म्हणतात.

या आजाराचा विषय निघाला की एक नाव येतंच. अमेरिकेचे हार्ट सर्जन डॉ. मायकल डिबेकी.

७ सप्टेंबर १९०८ रोजी लुईझियाना राज्यातल्या लेक चार्ल्स गावात त्यांचा जन्म झाला. आईवडील लेबनॉनमधून आलेले. आई शिवणकामात तरबेज होती आणि तिनं मुलालाही शिवण शिकवलं. पुढं याच शिवणकामानं लाखो जीव वाचवले.

मेडिकलचा विद्यार्थी असताना, १९३२ मध्ये, त्यांनी रक्त पुढं ढकलणारा एक रोलर पंप तयार केला. पुढं ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमध्ये हाच पंप महत्त्वाचा भाग ठरला.

नंतर ते ह्युस्टनला आले. खराब झालेल्या महाधमनीचा तुकडा काढला तर त्या जागी लावायचं काय, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. डिबेकी कापडाच्या दुकानात गेले. त्यांना नायलॉन हवं होतं, पण ते संपलेलं होतं. मग डेक्रॉन नावाचं नवीन कापड घेतलं आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. आजही महाधमनीच्या ऑपरेशनमध्ये डेक्रॉनच्या नळ्या वापरतात.

१९५३ मध्ये त्यांनी एका बसचालकाच्या मानेतली, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी उघडून साफ केली. स्ट्रोक टाळण्यासाठीचं हे ऑपरेशन पुढं जगभर होऊ लागलं. त्यानंतर १९५५ मध्ये डेंटन कूली आणि ऑस्कर क्रीच या सहकाऱ्यांसोबत त्यांनी फाटलेल्या महाधमनीवरच्या ऑपरेशनची पद्धत मांडली. फाट कुठं आहे त्यावरून या आजाराचे तीन प्रकार पाडले जातात, तेही डिबेकी यांच्याच नावानं.

आता येऊया ३१ डिसेंबर २००५ या दिवसावर.

९७ वर्षांचे डिबेकी घरात एकटेच काम करत बसले होते. अचानक छातीत आणि मानेत भयंकर कळ आली. आधी वाटलं हार्ट अटॅक असेल आणि हृदय आता बंद पडेल. ते पडलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं, की आपली महाधमनी फाटली आहे. तपासणीत ते खरं निघालं. प्रकार दुसरा, म्हणजे फाट हृदयाजवळच्या भागापुरती.

एवढं कळूनही ते ऑपरेशनला तयार नव्हते. या वयात जीव वाचला तरी आपण अंथरुणाला खिळू किंवा मेंदू कामातून जाईल, तर त्याचा उपयोग काय, ही भीती होती.

ती खोटी नव्हती. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या महाधमनीच्या कमानीतूनच निघतात. फाट तिथपर्यंत गेली तर ऑपरेशनच्या आधीच स्ट्रोक येऊ शकतो. ऑपरेशनमध्ये शरीर थंड करून रक्तप्रवाह काही काळ कमी किंवा बंद ठेवावा लागू शकतो. अशा वेळी मेंदूला रक्त कमी पडण्याचा किंवा गुठळी मेंदूत जाऊन अडकण्याचा धोका असतो. म्हणूनच अशा तातडीच्या ऑपरेशननंतर साधारण १०० पैकी १० जणांना स्ट्रोक येतो. काही जण उशिरा शुद्धीवर येतात, तर काही जण अनेक दिवस गोंधळलेले राहतात.

सुरुवातीला सुमारे ५ सेंटिमीटर असलेला त्यांच्या महाधमनीचा फुगा ९ फेब्रुवारी २००६ पर्यंत साडेसात सेंटिमीटरचा झाला. ते बेशुद्ध होऊ लागले. ऑपरेशन नको हे त्यांनी आधी सांगून ठेवलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नकार दिला. मेथडिस्ट हॉस्पिटलची नीतिविषयक समिती बसली. तेव्हा पत्नी कॅटरिन थेट बैठकीत घुसल्या आणि ऑपरेशन कराच म्हणून अडून बसल्या. भूल द्यायला दुसऱ्या डॉक्टर आल्या. जुने सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी रात्रीतून सुमारे सात तास ऑपरेशन केलं.

जीव वाचला, पण डिबेकी काही आठवडे जवळपास प्रतिसादच देत नव्हते. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न असं सगळं चालू होतं. मेंदू परत येणार का, हे कुणी खात्रीनं सांगू शकत नव्हतं.

मग हळूहळू ते परत आले. बुद्धी शाबूत होती. एकूण खर्च १० लाख डॉलरच्या वर गेला, पण सुमारे आठ महिन्यांनी ते हॉस्पिटलमधून बाहेर पडले आणि पुन्हा कामाला लागले. आपल्या इच्छेविरुद्ध ऑपरेशन झालं याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला. ११ जुलै २००८ रोजी, शंभरीला दोन महिने कमी असताना, त्यांचं निधन झालं.

प्रत्येक पेशंटचं असं होत नाही. डिबेकी यांच्याकडे जगातली सगळ्यात चांगली टीम घरचीच होती. पण त्यांच्या गोष्टीतून बीडमधल्या घरानंही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अचानक फाटल्यासारखी कळ छातीत किंवा दोन खांद्यांच्या मधे आली, सोबत हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. इसीजी नॉर्मल आला तरी महाधमनीची शंका असेल तर सीटी अँजिओ लागतो का, हे डॉक्टरांना विचारा, कारण हार्ट अटॅक समजून दिलेलं रक्त पातळ करणारं औषध इथं घातक ठरू शकतं. हृदयाजवळची फाट तशीच राहिली तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका १ ते २ टक्क्यांनी वाढत जातो.

आणि या आजाराचं सगळ्यात मोठं कारण हाय बीपी आहे. त्यामुळं बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी मनानं बंद करू नका.