मेरी ब्रेकिनरिज : डोंगरातील बाळंतिणींची सेविका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी केंटकी नामक संस्थानाच्या पूर्वभागी ॲपलेशियन पर्वताच्या रांगा आहेत. त्यांच्या कुशीत लेस्ली नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा मुलूख समजावा. सन १९२५ च्या सुमारास तेथे सुमारे दहा हजार माणसांची वस्ती होती. परंतु परवाना असलेला एकही डॉक्टर नव्हता, आगगाडी नव्हती, मोटार चालेल अशी सडकही नव्हती. ओढ्यानाल्यांची पात्रे हीच तेथील वाट. अमेरिका म्हटली म्हणजे उंच इमारती व अपार धन असे चित्र आमच्या कित्येक वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्याच देशातील ह्या डोंगरांत बाई अडली असता एखाद्या वृद्ध सुईणीस बोलावून आणावे व पुढे देवावर हवाला ठेवावा, एवढेच तिच्या माणसांच्या हाती होते. ही स्थिती जिने पालटली त्या मेरी ब्रेकिनरिज ह्या बाईंची हकीकत आम्ही आज सांगत आहो.

मेरीबाईंचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी मेम्फिस शहरी झाला. घराणे मोठे होते. आजोबा जॉन ब्रेकिनरिज हे संयुक्त संस्थानांचे उपाध्यक्ष होऊन गेले होते, आणि वडील काही वर्षे रशियाच्या दरबारी अमेरिकेचे वकील होते. अशा घरच्या मुलीने चाकरी करावी हे त्या काळी कोणास शोभण्यासारखे वाटत नसे. १९०४ साली त्यांचे लग्न झाले. परंतु दोनच वर्षांत पती वारले. मग त्या न्यूयॉर्क येथील सेंट लूक्स इस्पितळात परिचारिकेचे काम शिकल्या व १९१० साली उत्तीर्ण झाल्या. पुढे त्यांनी पुनर्विवाह केला. १९१४ साली पुत्र झाला. १९१६ साली एक कन्या दिवस पुरे होण्यापूर्वीच जन्मली व काही तासांतच गेली. मुलगा चार वर्षांचा होऊन १९१८ च्या आरंभी तोही गेला. हा संसार पुढे टिकला नाही. १९२० साली घटस्फोट झाला. आमच्या कित्येक वाचकांस ही गोष्ट रुचणार नाही. तथापि चरित्र सांगणाऱ्याने तेवढीच बाजू झाकून ठेवावी हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

दोन्ही लेकरे गमावलेल्या ह्या आईने आपले उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या लेकरांस वाहून दिले. महायुद्ध संपल्यावर त्या फ्रान्सास गेल्या. तेथील उद्ध्वस्त गावांत मुलांस दूध मिळेना, म्हणून त्यांनी अमेरिकेतील मित्रमंडळींकडून पैसा मिळवून शेळ्या विकत घेवविल्या. त्याच सुमारास इंग्लंडातील एक प्रघात त्यांच्या ध्यानी आला. तेथे परिचारिकाच सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेऊन घरोघर बाळंतपणे करीत. अमेरिकेत अशी शिकलेली बाई जवळजवळ नव्हतीच.

मायदेशी परतल्यावर त्यांनी घाई केली नाही, हे आम्हांस विशेष वाटते. १९२३ च्या उन्हाळ्यात त्या घोड्यावर बसून केंटकीच्या तीन काउंट्यांतून सुमारे ६५० मैल फिरल्या. त्रेपन्न सुईणींच्या घरी जाऊन त्यांनी त्यांची विचारपूस केली. बहुतेक साठीच्या घरातल्या. वाचता येणाऱ्या थोड्याच. आडल्यानडल्याच्या हाकेला धावून जाणाऱ्या ह्या बायांचा त्यांनी उपहास केला नाही. परंतु केवळ ममतेने ताप व रक्तस्राव थांबत नाही, हे त्यांनी ओळखले. नंतर चाळिशी ओलांडलेल्या मेरीबाई लंडनमध्ये विद्यार्थिनी होऊन सुईणीचे काम शिकल्या. १९२४ साली त्या स्कॉटलंडच्या डोंगरांत व बेटांत गेल्या. तेथे १९१३ पासून सरकारी साहाय्याने दूरदूरच्या वस्त्यांस डॉक्टर व परिचारिका पुरविल्या जात. नमुना मिळाला.

२८ मे १९२५ रोजी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथे सभा भरून मंडळी स्थापन झाली; तिचेच नाव १९२८ पासून फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस असे झाले. पहिली तीन वर्षे खर्चाचा मुख्य भार मेरीबाईंनी आपल्या पदरच्या पैशावर उचलला. आरंभीच घरोघर माणसे पाठवून जन्ममृत्यूंची मोजदाद करविली. कारण किती मरतात हे ठाऊक नसेल तर किती वाचविले हे कोणास सांगणार?

कामाची रीत अशी. मुख्य ठाणे वेंडोव्हर येथे नदीकाठी लाकडी ओंडक्यांच्या घरात. हायडन गावी इस्पितळ. ते १९२८ साली उघडले, तेव्हा स्कॉटलंडहून सर लेस्ली मॅकेंझी आले होते. सभोवार निरनिराळ्या ओढ्यांकाठी सहा ठाणी, आणि प्रत्येक ठाण्याच्या परिचारिकेकडे सुमारे पाच मैलांच्या परिघातील घरे. तिची सामग्री खोगिराच्या पिशव्यांत भरलेली असे. नियम एकच होता: बाप जर परिचारिकेच्या दारापर्यंत येऊ शकला, तर परिचारिका बाळंतिणीपर्यंत गेलीच पाहिजे, मग नदीला पूर असो की बर्फ पडत असो. केवळ बाळंतपणे करून त्या थांबत नसत. देवी, घटसर्प व विषमज्वर ह्यांच्या लशी टोचणे, मुलांच्या पोटातील जंतांवर औषध देणे, विहीर व शौचकूप कोठे असावेत हे समजावणे, हेही त्यांचेच काम.

फी वर्षाला कुटुंबामागे एक डॉलर व बाळंतपणाचे पाच डॉलर. ज्याजवळ रोकड नसे तो वैरण, कोंबड्या किंवा अंगमेहनत देई. आम्हांस ह्यात मोठा शहाणपणा दिसतो. फुकट मिळालेल्या औषधाची बाटली फळीवर पडून राहते, हे आमच्या कित्येक उपदेशक बंधूंनी पाहिले असेल. आणि भीक घेतल्याची लाजही गरिबास नको असते.

पहिल्या एक हजार बाळंतपणांचा हिशेब मेट्रोपोलिटन विमा कंपनीचे आकडेशास्त्री लुई डब्लिन ह्यांनी तपासला. त्या हजारांत प्रसूतीच्या कारणाने एकही माता दगावली नव्हती. शहरांतील इस्पितळांनाही त्या वेळी हे साधत नव्हते.

१९३१ साली मेरीबाई घोड्यावरून पडल्या व त्यांच्या पाठीचा कणा मोडला. पुढे कंबरपट्ट्याच्या आधाराने त्या वावरत. पण शहरोशहरी व्याख्याने देऊन द्रव्य जमविणे त्यांनी सोडले नाही. हयातीत त्यांनी साठ लक्ष डॉलरांहून अधिक जमविले असे सांगतात. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्लंडातून आलेल्या कित्येक परिचारिका स्वदेशी परतल्या आणि काम अडते की काय अशी भीती पडली. तेव्हा बाईंनी त्याच वर्षी डोंगरातच सुईणींची शाळा काढली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले आहे. घोड्यांची जागा कालांतराने जीप गाड्यांनी घेतली.

१६ मे १९६५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मेरीबाई वेंडोव्हर येथे निवर्तल्या. तोवर त्यांच्या परिचारिकांच्या हाती जन्मलेल्या पहिल्या मुली आपापल्या लेकरांच्या आया झाल्या होत्या.